पाच डबे भेंडी

“तिन्ही ॲम्ब्युलन्स पळस्पे नाक्यावर उभ्या करा. सगळ्यात जास्त कॉल तिथलेच. विषय संपला!” सावंत सर म्हणाले.

विषय कसला संपतोय! आमची सर्विस खासगी, ऑफिस नवीन पनवेलला, आणि गाड्या कुठे उभ्या ठेवायच्या हे काढणं माझं काम. लोकांना वाटतं, कॉल जास्त तिथे गाडी. पण एकेका नाक्याची किंमत सुटी ठरत नाही, आधी कुठले नाके घेतलेत त्यावर ठरते. म्हणून किंमत अख्ख्या संचाला द्यायची. याला म्हणतात सेट फंक्शन. पळस्प्याला पहिली गाडी सोन्यासारखी, तिसरी नुसती उभी. नकाशात दोन गावं जोडणारा रस्ता ही ग्राफची कड. एका नाक्यावरून गाठता येतील त्या सगळ्या वस्त्यांना मिळून एकच कड दिली, की झाला हायपरग्राफ. आणि सरांच्या हिशेबात उलवे गाव कुठल्याच कडेत येत नव्हतं.

आमचा ड्रायव्हर जनार्दन उलव्याचा. दारातूनच म्हणाला, “सर, माजा बा घरी एकटाच हाय, हार्ट पेशंट. पळस्प्यावरनं गाडी येईपरत काय खरं नाय.”

“तुझ्या वडिलांसाठी कंपनी चालवू का?” सर भडकले. जनार्दन मान खाली घालून गेला. माझं डोकंच फिरलं.

आमच्या ऑफिसात दुपारी अंगतपंगत असायची. काय सुंदर दिवस होते ते! आदल्या संध्याकाळी एकमेकींना विचारायचं, “तू काय आणतेस?” मग आपलं ठरवायचं. सर डबा आणत नसत, त्यांचं ताट आमच्यातूनच भरायचं. त्या संध्याकाळी सगळ्यांना मीच फोन केले.

दुसऱ्या दिवशी सरांनी पहिलं झाकण उघडलं. भेंडी. “वा!” दुसरं उघडलं. भेंडी. तिसऱ्याला चेहरा पडला. पाचही डब्यांत भेंडी.

“अहो, आधी काय आलंय ते बघून पुढचं ठरवायचं ना!”

“सर, कालपासून मी दुसरं काय सांगतेय?”

कुणी घास उचलेना. मग सरच खो खो हसले. “बिलंदर आहात. करा तुमचं!”

आधी पळस्पे घेतलं. त्यावर सगळ्यात जास्त भर कुठे पडते ते पाहिलं, तर उलवे. मग नवीन पनवेल. दर वेळी मोठा घास घेणारी ही हावरट पद्धत. अगदी सर्वोत्तम उत्तर देईलच असं नाही, पण फार चुकतही नाही.

काही महिन्यांनी जनार्दनच्या वडिलांच्या छातीत कळ आली. उलव्याची गाडी वेळेत पोचली आणि म्हातारा वाचला.

माझ्या रिटायरमेंटच्या दिवशी तो म्हातारा स्वतः ऑफिसात आला. हातात डबा. “पोरगा बोलला, मॅडमला भेंडी लय आवडते.”

सरांनी हसू दाबायला तोंड फिरवलं. मी डबा चाटूनपुसून संपवला. डोळे भरून आले होते.

आता घरी एकटीच जेवते, आणि ते अंगतपंगतीचं टेबल फार आठवतं. तीच भाजी पुन्हा आली की तिची किंमत घटते, हे गणित मी नोकरीभर सांगितलं. त्या सहाव्या डब्याला मात्र ते लागू पडलं नाही.