बापूंची घोंगडी

घोंगडी उन्हात टाकली की मेंढरांचा वास येतो आणि मला धारूरच्या कॉलेजातला तो तास आठवतो. भूगोलाच्या सरांनी नवाच विषय सुरू केला होता. त्यात गावची माणसं आम्हाला शिकवायची. त्या दिवशी मेंढरं राखणारे माझे बापूच आले. दारात वहाणा काढून ते आत शिरले, तसे सरांनीही बूट काढले. बापूंनी डोळे मिटून नुसत्या वासावरून सात गवतं ओळखली. पुढच्या मुलींनी मात्र नाकाला ओढणी लावली होती. मी मान वर केली नाही.

"तुमचं कुणी शिकतं का इथं?" सरांनी विचारलं.

बापूंनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. "न्हाई सर. हितं आपलं कुनी न्हाई."

आता तो विषय मी शिकवते. पहिल्या तासाला घोंगडी खुर्चीवर टाकते आणि सगळ्यांत आधी सांगते, ही माझ्या बापूंची.