रांगेतला पहिला माणूस

जायलोस चुलू तेवीस वर्षं रांगेत सगळ्यांच्या पुढे चालला. मी अकरा वर्षं सगळ्यांच्या मागे. त्यामुळे त्याची मला जी काही ओळख आहे ती बहुतेक त्याच्या पाठीची.

लुआंग्वा नदीच्या काठावरचा आमचा तळ गवताचा. जूनमध्ये बांधायचा, नोव्हेंबरात पाऊस यायच्या आत मोडायचा. गाडी तिथवर येत नाही. पाहुणे चालत येतात, चालत जातात, आणि मधले चार दिवस सकाळी उठून पुन्हा चालायलाच निघतात. त्यात त्यांना काय मिळतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. रांग ठरलेली: पुढे बंदूक घेऊन जायलोस, मग वाटाड्या ॲकिम सोको, मग पाहुणे, आणि शेवटी मी. माझ्या पाठीवर किटली, पत्र्याचे मग आणि चहाची पुडी. रांगेत बोलायची सोय नाही. थांबायचं तर हात वर, बसायचं तर हात खाली. ॲकिमला शेणातले किडे दाखवायची भारी हौस, त्यामुळे जायलोस बऱ्याचदा वीसेक पावलं पुढे निघून जायचा. मग त्याला थांबवायला ॲकिम बारीक शिट्टी घालायचा.

जायलोसला सगळे मदाला म्हणत, म्हणजे म्हातारबा. हे नाव त्याला पस्तिशीतच चिकटलं होतं, इतका तो गंभीर. तेवीस वर्षांत पाहुणे सोबत असताना त्याला एकदाही गोळी झाडावी लागली नाही. याची बढाई तो मारायचा नाही. त्याच्या वतीने आम्हीच मारायचो. चहात मात्र पाच चमचे साखर टाकून वर म्हणायचा, "येरेमिया, आज हात आखडता घेतलास."

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्याला मलेरियाने आडवं पाडलं. महिनाभर तो अंथरुणावर होता. जूनमध्ये तळावर आला तेव्हा अंगाने निम्मा झालेला, पण चाल तीच, नेमही तोच. नेमबाजीची परीक्षा त्याने पहिल्या फटक्यात पार केली. फरक एकच पडला. पूर्वी मदाला चालताना कधी मागे बघायचा नाही. आता दर दहा पावलांना मान वळवून रांगेवर नजर टाकू लागला. पाहुणे खूश! इतका जिवाला जपणारा माणूस पाहिला नाही, असं वहीत लिहून जायचे. ॲकिम ते त्याला वाचून दाखवायचा, तेव्हा मदाला त्याच्या ओठांकडे टक लावून बघायचा आणि ॲकिमने वही मिटली की मान हलवायचा.

मला कळायला महिना गेला. एकदा रानरेड्यांच्या पाठीवरचे पक्षी झुडपातून कर्कश ओरडत उठले. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. मदाला आणखी चार पावलं चालला, सवयीने वळला, आम्हाला उभं पाहिलं आणि मग शांतपणे हात वर केला, जणू थांबवलं त्यानेच. ॲकिमला वाटलं, म्हातारा पुढे जाऊन अंदाज घेऊन आला. मला काही ते पटलं नाही. त्याच संध्याकाळी तो बुटाची नाडी बांधत बसला होता. मी मागे उभा राहून म्हटलं, "मदाला, तुमच्या पायाशी साप आहे." त्याने सावकाश गाठ मारली, ओढून घट्ट केली आणि दुसरा बूट घेतला.

मी कुणाला काही बोललो नाही. चूक होती, सरळ कबूल करतो. चुकून कुणाचा जीव गेला असता. पण बंदूक काढून घेतल्यावर मदालाने गावात जाऊन काय करायचं होतं, कोंबड्या राखायच्या? मी तोंड मिटलं आणि माझ्या परीने लक्ष ठेवू लागलो.

गेल्या ऑक्टोबरात, उन्हाने जमीन भाजत असताना, आम्ही एका कोरड्या ओढ्यातून चाललो होतो. चार पाहुणे होते. मदाला वळणावर पोहोचला होता. उजवीकडच्या दाट झाडीत ॲकिमला हत्तिणीचा कान दिसला, आणि तिच्या पोटाखाली पिल्लू. त्याने शिट्टी घातली. मदालाने नुकतंच मागे बघितलं होतं. पुढची दहा पावलं तो वळणार नव्हता, आणि हत्तीण आठव्या पावलावर होती. ॲकिमने पुन्हा शिट्टी घातली. मदाला चालतच राहिला.

मी थैलीतून पत्र्याचा मग काढला आणि फेकून मारला. तो मदालाच्या पाठीत बसला आणि दगडावर खणखणत गेला. मदाला गर्रकन वळला. माझा वर केलेला हात पाहून तो जिथल्या तिथे थिजला, मग एकेक पाऊल मागे आला. हत्तिणीने कान फडफडवले, एकदा किंचाळली आणि पिल्लाला ढकलत निघून गेली.

ॲकिम माझ्यावर असा भडकला की पाहुण्यांनाही भाषा कळली असावी. "रांगेत भांडी फेकतोस? त्या आवाजाने ती अंगावर आली असती! मदालाला माझी शिट्टी ऐकू आली होती, तो वारा बघून वळसा घालत होता. तू काय त्याला शिकवणार?"

"बॉस, मी..."

"उद्यापासून स्वयंपाकघरात. आणि पुढच्या जूनला येऊ नकोस."

मी मदालाकडे बघितलं. तो ॲकिमच्या ओठांकडे बघत होता, म्हणजे शब्द न् शब्द त्याला कळला होता. मी चहा केला, त्याने पाच चमचे साखर घातली आणि प्यायला. मला त्याचा इतका राग आला की परतीच्या वाटेवर तो वळून बघायचा तेव्हा मी मान फिरवायचो.

तीन दिवस मी कांदे चिरले. आमचा आचारी बोनिफेस माझी खेचायची संधी सोडणार थोडाच? "चहावाल्या, सुरी हातातच राहू दे हं. तुझ्या नेमाची कीर्ती ऐकलीय." मदाला येऊन मक्याच्या पिठाचा न्शिमा खायचा, ताट धुवायचा, जायचा. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर तो मग ठेवला. पोचा दगडाने ठोकून सरळ केला होता.

चौथ्या दिवशी सकाळी पाहुणे बूट चढवत होते. मदालाने बंदुकीतल्या गोळ्या काढल्या, बंदूक ॲकिमपुढच्या टेबलावर ठेवली, आणि गुडघे टेकून हाताची ओंजळ करून दोनदा टाळी वाजवली, मुखियासमोर वाजवतात तशी. ॲकिम त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पाऊलखुणा वाचायला मदालानेच त्याला शिकवलेलं. ॲकिम घाबराच झाला.

"मदाला, हे काय? उठा आधी!"

"मी त्या आबनुसाच्या झाडाखाली नदीकडे तोंड करून बसतो," मदाला म्हणाला. "तू इथून शिट्टी घाल. वळलो तर येरेमियाला कांदे चिरू दे. नाही वळलो तर त्याची किटली त्याला परत दे."

"सकाळी सकाळी कसली थट्टा?"

मदाला जाऊन बसलासुद्धा. ॲकिम माझ्याकडे बघून हसला आणि नेहमीची शिट्टी घातली. पाठ हलली नाही. मग त्याने दोन बोटं तोंडात घालून जोरात घातली. पलीकडच्या काठावर चरणाऱ्या हरणांनी माना वर केल्या. "मदाला!" ॲकिम ओरडला. मग नावाने, "जायलोस!" बोनिफेस पळी घेऊन बाहेर आला. ॲकिम दोन वर्षांतल्या सगळ्या शिट्ट्या आठवत असावा. त्याचं तोंड रडायच्या बेतात आलं होतं.

मदाला दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसला होता. दोन वर्षं दर दहा पावलांना वळणाऱ्या माणसाने त्या सकाळी एकदाही मान वळवली नाही. बऱ्याच वेळाने, नदीकडेच बघत, त्याने मोठ्याने विचारलं, "ॲकिम, झालं का रे? घातलीस का शिट्टी?"

मी कांदा खाली ठेवला, हात पुसले, वळसा घालून त्याच्या समोर गेलो आणि मान हलवली.