खिडकीवरचा पुठ्ठा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील धारच्या दरबाराचे तंबू शिवायचे. संस्थानं विलीन झाली, तंबू गुंडाळले गेले, आणि बी.ए. झालेल्या मुलाला देवासच्या एका मोटार सर्व्हिसमध्ये तिकिटाची खिडकी मिळाली. शिक्षणाचं चीज झालं, असं गल्ली म्हणाली.

खिडकीवर 'कुठे जायचं?' विचारावं तर उत्तर यायचं, मुलीकडे. 'कधी?' तर, जमेल तेव्हा. 'किती जण?' तर, आम्ही सगळे. शेजारच्या खिडकीवर माझा मालवी सोबती बसे. त्याच्याकडे या सगळ्यावर एकच उपाय होता: आधी ओरडायचं, मग स्वतःच्या अंदाजाने चिठ्ठी फाडायची. टोंकखुर्दचा माणूस सतवासला उतरला, तर दोष अर्थात त्या माणसाचा.

मला हे बघवेना. तर्कशास्त्र शिकलो होतो, कुठे तरी खपवायला हवं होतं. आधी मी प्रत्येक प्रश्नासाठी वेगळे नियम लिहिले; ते इतके झाले की वाचायला आणखी एक कारकून ठेवावा लागला असता. मग ध्यानात आलं, विचारायची रीत सगळीकडे एकच आहे. विचारा, ऐका, उत्तर चाळणीतून काढा. अडलं तर कसलं उत्तर चालेल ते सांगा आणि पुन्हा विचारा. ओरडायचं नाही, आणि अंदाज तर मुळीच करायचा नाही. प्रश्नागणिक बदलायची ती फक्त चाळणी. गावासाठी थांब्यांची नावं, माणसांसाठी आकडा, आणि दिवसासाठी महिना, पक्ष, तिथी असं तिन्ही, कारण तारीख तेव्हा फक्त सरकारला ठाऊक असे. हे एका पुठ्ठ्यावर लिहून दोन्ही खिडक्यांच्या मध्ये टांगलं आणि तसाच पुठ्ठा आमच्या सर्व्हिसच्या धारच्या कचेरीला पाठवला. सर्व्हिसचे मालक शेठ म्हणाले, प्रश्न विचारायला बी.ए. कशाला लागतं. पण खिळा त्यांनीच दिला.

शुद्ध पक्षात पुठ्ठ्याने कमाल केली. मी जरा ताठ चालू लागलो.

आमच्या गल्लीत एक काकी राहत. त्यांचे यजमान संस्थानच्या फौजेतून लढाईवर गेले ते परतलेच नाहीत. गेल्याची तिथी कुणाला ठाऊक नाही, म्हणून त्यांच्या नावाने पाणी सोडायला वर्षातून एकच दिवस, सर्वपित्री अमावस्या. आणि तेही नेमावरला, नर्मदेच्या काठी. श्रावणातच त्या चिठ्ठी घ्यायला आल्या. माझ्यासमोर रांग होती, म्हणून सोबत्याकडे गेल्या. त्यांनी एकदाही न अडखळता उत्तर दिलं: भाद्रपद, वद्य, अमावस्या. सोबत्याने पुठ्ठा पाहिला, आपलं पंचांग पाहिलं आणि चिठ्ठी फाडली.

सर्वपित्रीच्या सकाळी काकी दर्भ आणि तीळ बांधून आल्या, तर गाडी गच्च. कंडक्टरने चिठ्ठी पाहून परत दिली. ती पोळ्याच्या दिवसाची होती. महिन्यामागेच गाडी काकींची रिकामी जागा नर्मदेला नेऊन परत घेऊन आली होती.

आम्हा मराठ्यांचा महिना संपतो अमावस्येला, मालव्यातल्या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं छान जमतं. वद्य लागला की ते एक महिना पुढे. काकींचा भाद्रपद अजून यायचा होता, सोबत्याचा भादवा आमच्या श्रावणातच सुरू झाला होता. देवासला राजांच्या गाद्या दोन होत्या, थोरली आणि धाकटी, हे मला माहीत होतं. महिनेही दोन आहेत, हे बी.ए.ला नव्हतं.

सोबती म्हणाला, "भिया, पुठ्ठे ने पूछा, काकी ने बोला, मैंने लिखा. अब बोलो." शेठनी ओट्यावरूनच निकाल दिला, बाईंना म्हणावं पुढच्या अमावस्येला या.

"पुढची मला काय करायची?" काकी म्हणाल्या. "ह्यांचा दिवस आज आहे."

ड्रायव्हरशेजारच्या जागेवर शेठचे मेहुणे वळकटीला टेकून बसले होते. नर्मदेची हवा खायला निघाले होते. मी पुठ्ठा खिळ्यावरून काढला आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"कुठे जायचं?"

"गाडी नेईल तिथे."

"थांब्याचं नाव सांगा. कुठल्या तिथीची चिठ्ठी?"

ते हसले. आपण कोण, हे त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, नातं कुठल्याच चाळणीत नाही, आणि पुन्हा तेच विचारलं. ओरडलो नाही, नियमच होता तसा. तेवढ्यात सोबती खिडकी सोडून आला, आणि त्याने मात्र आपल्या जुन्या पद्धतीने विचारलं, "तिथी बोलो, जीजाजी, तिथी!" मग मागच्या बाकावरून, टपावरून, सगळी गाडीच तिथी विचारू लागली. शेठ रस्त्यापलीकडचं पिंपळाचं झाड निरखत राहिले. मेहुणे वळकटीसकट उतरले आणि काकी चढल्या.

त्याच दुपारी पुठ्ठ्यावर एक ओळ वाढवली: तुमचा महिना पौर्णिमेला संपतो की अमावस्येला? तीच धारला कळवली. एका ओळीत दोन्ही गावं सुधारली, याचा मला अजून अभिमान आहे. शेठनी माझी बढती मात्र त्या वर्षी रोखली.

परतल्यावर काकी खिडकीशी आल्या. ऊन डोक्यावर यायच्या आत पाणी सोडून झालं, म्हणाल्या. मी कौतुकाची वाट पाहत राहिलो.

"इंजिनाशेजारी फार पोळतं रे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मागची जागा दे."