दुसऱ्या बाजूची वाट

हेर्मोजेनाबाई बेचाळिसाव्या वर्षी बातमीदारी शिकायला आमच्या रेडिओवर आली, तेव्हा तिच्या पाठीवरच्या गाठोड्यात सुकवलेले बटाटे होते आणि डोक्यात राग. क्विल्युमा गावात नदीचं पाणी पिऊन तिच्या कळपातल्या तीन लामा दगावल्या होत्या. नदीच्या वर खाण, खाली आम्ही. बोलिव्हियाच्या पठारावर याहून जास्त सांगावं लागत नाही.

आमचा संचालक फाउस्तिनो शहरात शिकून आलेला. त्याने फळ्यावर लिहिलं: कोण, काय, कधी, कुठे, का. खाली जाड अक्षरात: दोन्ही बाजू. मी यंत्रावर बसायचो, मलाही ते पाठ झालं.

पहिल्याच मुलाखतीत तिची फजिती झाली. तिने नदीकाठच्या एका म्हाताऱ्यापुढे चघळायला कोकाची पानं ठेवली, मुलंबाळं, कळप, पीकपाणी विचारलं. आमच्यात त्याआधी कामाचं विचारणं म्हणजे दारात उभं राहून शिवी देणं. पण रेकॉर्डर तिने उंबऱ्यापासूनच चालू ठेवलेला. मुद्द्यावर येईपर्यंत बॅटरी संपली.

"बाई, सोयरीक जमवायला गेला होतात का?" फाउस्तिनो म्हणाला.

"बॅटरी परत भरता येते, साहेब. म्हातारा रुसला असता तर?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. आधी पानं, मग बटण. चार मिनिटांची बातमी आणली, बोट ठेवायला जागा नव्हती. खालच्या सात गावांनी जनावरं नदीवर नेऊ नयेत, हे तीत होतं.

फाउस्तिनोने ती ऐकली आणि खणात टाकली. "खाणीची बाजू कुठंय?"

ती खाणीच्या फाटकावर गेली. इंजिनियर बाहेरगावी. दुसऱ्या दिवशीही बाहेरगावी. पाच दिवस बाहेरगावी, गाडी मात्र आवारातच.

"मग तेच सांगा ना, पाच दिवस भेटत नाहीत म्हणून!" मला राहवलं नाही.

"उतावळेपणा पत्रकाराला शोभत नाही," फाउस्तिनो म्हणाला.

असा संताप आला! एकाने तोंड शिवून घेतलं की दुसऱ्यानेही मुकं व्हायचं, हा कुठला न्याय? तोवर खाली आणखी अकरा लामा आडव्या झाल्या होत्या.

सकाळी सहाला आम्ही निरोप वाचतो. फोन नाहीत तिथे हाच फोन: अमक्याची आई आजारी, तमक्याने बियाणं घेऊन यावं. निरोप कुणीही द्यावा, तो तीनदा वाचला जातो, आणि त्यात काटछाट करायची संचालकालाही मुभा नाही. सहाव्या दिवशी हेर्मोजेनाने माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली. मी ती तीनदा वाचली.

"नदीकाठच्या सात गावांना क्विल्युमाच्या हेर्मोजेनाचा निरोप. नदीचं पाणी पिऊन माझ्या तीन लामा गेल्या. तुमची जनावरं पाण्यावर सोडू नका. खाणीच्या इंजिनियरसाहेबांना निरोप. असाल तिथून या, सगळे तुमची वाट बघतायत."

फाउस्तिनो धापा टाकत आला. "अरे, ही बातमी आहे!"

"निरोप आहे, साहेब," ती म्हणाली. "निरोपाला दुसरी बाजू लागत नाही."

नऊ वाजायच्या आत बाहेरगावचा इंजिनियर आमच्या दारात, घाम पुसत. तिने बटण दाबलं.

"पाणी खराब झालंय हे तुम्हाला कधी कळलं?"

"तपासणी मार्चमध्येच केली होती हो. उगाच घबराट नको, म्हणून..."

जून संपत आला होता. तिने रेकॉर्डर बंद करून फाउस्तिनोच्या हातात ठेवला.

"घ्या. आता लावा."