फोकस करवलीवर

मंगलाष्टकं संपली, हार पडले, अक्षता उडाल्या. मंडपाच्या खांबाआड जाऊन मी हाराचा फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झूम केला. नवरीचा चेहरा धूसर होता.

त्याच्या आधीचा फोटो बघितला. धूसर. त्याच्या आधीचा. तोही. अंतरपाटापासून हारापर्यंत एकाही फोटोत नवरी स्पष्ट नव्हती. स्पष्ट होती तिच्या मागे उभी असलेली धाकटी बहीण, करवली पल्लवी. तिची पापणी न् पापणी दिसत होती.

मी भंडाऱ्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीच्या दिवशी जवळच्या शहापूरला सुरेशदादांच्या स्टुडिओत काम करतो. अड्याळच्या या लग्नात त्यांनी मुख्य कॅमेरा पहिल्यांदाच माझ्या हातात दिला. कारण कॅमेऱ्यासोबत आलेलं जाड इंग्रजी मॅन्युअल मी डिक्शनरी घेऊन वाचलं होतं. माझे बाबा तलावात मासे धरतात. आमच्या घरात पुस्तकं वाचणारा मी पहिलाच, त्यामुळे छापलेल्यावर माझा जरा जास्तच विश्वास आहे.

मॅन्युअलमध्ये ‘फेस रजिस्ट्रेशन’ नावाची सोय दिली होती. एखाद्याचा चेहरा कॅमेऱ्यात आधी नोंदवून ठेवायचा. मग गर्दीतही कॅमेरा तोच चेहरा शोधतो आणि त्याच्यावर फोकस धरतो. सकाळी हळदीच्या आधी मी नवरीचा, वैशालीताईंचा, चेहरा नोंदवला होता.

दादा जवळ आले. “काहून बे, थोबाड कायले उतरलं?”

“दादा, नवरी ब्लर आली. सगळ्या फोटोत.”

“मंग साफ कोन आलं?”

“करवली.”

“करवलीचं लगन होतं का बे?”

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही. ते स्क्रीनकडे बघतच राहिले. व्हिडिओवाला वेगळा होता, पण व्हिडिओतून काढलेला फोटो अल्बमच्या मोठ्या पानावर टिकत नाही.

मी मेनूत नोंदवलेला चेहरा उघडला. साधी वेणी, मोकळं कपाळ. मांडवात मात्र ताईंच्या कपाळावर मुंडावळ्या होत्या, मेकअप होता, डोक्यावरून पदर होता. कॅमेऱ्याने त्यांना ओळखलंच नाही. अन् लगेच मागे बहिणीचं तसंच नाक, तसेच डोळे, तेही मोकळ्या कपाळाखाली; कॅमेऱ्याने तिलाच नवरी धरलं. करवली नवरीच्या मागून हलत नसते. शिवाय फोकसच्या मागचं-पुढचं सगळं धूसर करणारी लेन्स मीच लावली होती.

फेस रजिस्ट्रेशन बंद केलं. पुढचे सप्तपदीचे फोटो तरी वाचणार होते. गेलेला हार कुठून आणायचा?

“पुन्हा घालाले लावू,” दादा म्हणाले. “चाल, नवरीले सांगू.”

मी ताईंसमोर कॅमेराच धरला. त्यांनी स्वतःचा धूसर चेहरा बघितला, मग मागच्या बहिणीचा बघितला, आणि वळल्या.

“पल्लवी, तू रडून राहिली होती?”

“नाई वं ताई. होमाचा धूर गेला डोळ्यात.”

“होम त अजून पेटलाच नाई!”

पल्लवी ताईंच्या मुंडावळ्या सारख्या करायला लागली.

“मले त मांगून चिमटे काढून हासवून राहिली होती,” ताई म्हणाल्या. त्या एकेक फोटो मागे नेत गेल्या. प्रत्येकात पल्लवीचे डोळे भरलेले. मीही फोकस कुठे गेला तेवढंच बघितलं होतं. माणूस आत्ता दिसला.

दादा हळूच म्हणाले, “बाई, हार पुन्हा एकडाव घालता का? पाच मिंटाचं काम आहे.”

“नाई. हार का दोनदा पडते का? हाच मोठा करून लावा.”

अल्बमच्या मधल्या दोन पानांवर तोच फोटो गेला. पुढे धूसर नवरी, मागे रडणारी करवली. अल्बम न्यायला आलेल्या ताईंच्या आईने त्या पानावरून हात फिरवला आणि अल्बम बंद केला. तक्रार आली नाही.

दादा एवढंच म्हणाले, “कॅमेऱ्याले डोकं असन त असू दे. आपलं घरी ठेवून याचं नाई.”

मी मॅन्युअल पुन्हा उघडलं. फेस रजिस्ट्रेशनचं पान उलटल्यावर बारीक अक्षरात टीप होती. टोपी, चष्मा किंवा केसांमुळे चेहरा वेगळा दिसला तर कॅमेरा चुकू शकतो. मॅन्युअल लिहिणाऱ्यांना मुंडावळ्या माहीत नसाव्यात. मी पेनाने बाजूला लिहून ठेवल्या.