आपांचं पाचवं बोट

"बेटा, आवाज थरथर करून राह्यला," असं म्हणत आपांनी श्रवणयंत्र कानातून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तिसऱ्यांदा.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कान तपासते आणि श्रवणयंत्रं बसवते. वर्ध्याच्या क्लिनिकमधून ट्रायलसाठी हिंगणघाटला आपांच्या घरी आले होते. क्लिनिकमध्ये सगळं ठीक होतं. घरीही गप्पा, फोन, कुकर, आपांना सगळं ऐकू येत होतं. त्यांची शिष्या सानिया कुराण म्हणायला लागली की मात्र थरथर.

आपा हाफिजा आहेत, म्हणजे अख्खं कुराण त्यांना पाठ आहे. मोहल्ल्यातल्या कितीतरी मुली त्यांच्यापुढे बसून शिकल्या. आता एकटी सानिया उरली होती. तिचेही तीसच्या तीस पारे, म्हणजे कुराणाचे सगळे भाग, पाठ होते. फक्त एका बैठकीत सगळे आपांना म्हणून दाखवायचे होते. सोमवारी ती नर्सिंग शिकायला नागपूरला जाणार होती आणि आज शुक्रवार होता.

"आपा, करून टाका न पास," सानिया हसत म्हणाली. "मले येते हे तुमाले माहीत हाय."

"ऐकलं नाई तं हो कशी म्हणू? माह्या उस्तानीनं माहं एकेक अक्षर ऐकलं, मंग हो म्हटलं. मी काय अंदाजानं म्हणू?"

सानिया हसायची थांबली.

मी लॅपटॉप बॅगेत घालायला घेतला होता. अनोळखी घरात मला बोलायला सुचत नाही. अरबीचं तर एक अक्षरही कळत नाही. मी नुसती बघत बसते.

"एकदा पुन्हा म्हणशील?" मी सानियाला विचारलं.

ती म्हणू लागली. कुराण म्हणताना काही स्वर लांबवायचे असतात आणि किती लांबवायचे तेही ठरलेलं असतं. आपा मांडीवर एकेक बोट मिटून मोजत होत्या. तिसऱ्या बोटाला त्यांच्या कपाळावर आठी आली. पुढच्या लांब स्वरालाही बरोबर तिसऱ्याच बोटाला. आखूड स्वरांना काहीच नाही.

सापडलं!

मांडवात माईक स्पीकरजवळ गेला की कुईं करतो, तसं श्रवणयंत्रही शिट्टी मारतं. त्याला फीडबॅक म्हणतात. तो दाबायला यंत्रात कॅन्सलर असतो. एकसारखा लांब आवाज आला की तो त्याला शिट्टी समजतो आणि मोडायला बघतो. सानियाच्या स्वराचं तेच होत होतं.

मी क्लिनिकच्या सरांना फोन लावला. "सर, फीडबॅक कॅन्सलर बंद करू?"

"येडी झाली का? शिट्टी वाजली की पेशंट मशीन वापस करते. डिफॉल्ट राहू दे."

"क्लोज्ड डोम लावते, सर. आवाज बाहेर गळणार नाही." डोम म्हणजे कानात जाणारं रबरी टोपण. आधीचं भोकांचं होतं, हे बिनभोकांचं.

"आन तरी वाजली तं?"

"तर मी परत येईन."

इतकं ठाम वाक्य माझ्याकडून सरांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यांनी फोन ठेवला. मी त्याला होकार समजले.

मी डोम बदललं आणि यंत्रात कॅन्सलर बंद असलेला दुसरा प्रोग्राम तयार केला. सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव 'म्युझिक' होतं. ते खोडून 'तिलावत' लिहिलं, म्हणजे कुराणाचं पठण. बटण दाबलं की तो सुरू.

सानियाने सुरुवात केली. एक, दोन, तीन. कपाळावर आठी नाही. चार, पाच. शिट्टीही नाही! पुढच्याच ओळीत आपांनी हात वर केला. माझा हात लॅपटॉपकडे गेला.

"थांब. चारच झाले. पाच पाह्यजे."

सानियाने किंचाळून मला मिठी मारली. मला मिठ्या आवडत नाहीत. ही चालली.

रविवारी सूर्य मावळताना तिचा फोन आला. "ताई, पहाटे फजरच्या नमाजपासून बसलो होतो. झालं! आपानं मले एकोणीस वेळा टोकलं!"

स्वतःच्या चुका इतक्या आनंदाने मोजणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

मागून आपांचा आवाज आला. "तिले सांग, मशीन वापस न्याले येऊ नको. आन शेवटच्या पाऱ्याले बॅटरी मेली. मेडिकलातून नवी येईस्तोवर पोरीले गप बसवलं."

आता ट्रायलच्या आधी मी विचारते, तुम्हाला कोणाचं, काय ऐकायचंय? आणि सुट्या बॅटऱ्या दोन देते.