रंगाई थांबवण्याचा अधिकार

धुळे-पारोळा रस्त्यावर सूत रंगवण्याचा एक कारखाना आहे. कामिनी देवरे तिथे पर्यावरण अधिकारी. धुळ्यात रसायनशास्त्र शिकलेली, रोज एसटीने ये-जा करणारी. परदेशातल्या गिऱ्हाइकाने आयएसओ १४००१ प्रमाणपत्राशिवाय माल घेणार नाही असं कळवलं, तेव्हा मालकांनी ते काम तिच्यावर सोपवलं.

बाकीच्यांना ते कागदी काम वाटलं. कामिनीने मात्र ते मनावर घेतलं. आपल्या कारखान्यामुळे पाण्याला, मातीला, शेजाऱ्यांना काय त्रास होतो ते ओळखा, तो कमी करा आणि पुन्हा पुन्हा तपासत राहा, एवढंच तर त्यात होतं. कारखान्याचं पाणी ज्या नाल्यात जातं त्याच्या काठच्या गावात ती गेली, बायकांमध्ये बसली, सगळ्यांना स्वतःचा मोबाइल नंबर दिला. कारखान्याच्या नियमांत तिने एक वाक्य आग्रहाने घालून घेतलं होतं: सांडपाणी शुद्ध होत नसेल, तर रंगाई थांबवण्याचा अधिकार पर्यावरण अधिकाऱ्याला राहील. धाकटे मालक अर्पितशेठ यांनी हसत सही केली होती. प्रमाणपत्र मिळालं; ते टिकवायला दरवर्षी ऑडिट होणार होतं.

गेल्या उन्हाळ्यात सांडपाणी शुद्ध करायला त्यात हवा सोडणारा ब्लोअर जळाला. नवीन मागवला, पण यायला वेळ लागणार होता आणि ऑर्डर तर तोंडावर आलेली. रंगाई चालूच राहिली. लाल पाणी थेट नाल्यात जाऊ लागलं.

"दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, मॅडम," अर्पितशेठ म्हणाले. "ऑडिटच्या आत सगळं ठीक होईल."

ते दोन-चार दिवस संपेनात. गावातून फोन येऊ लागले. कामिनी स्क्रीनकडे बघत बसायची. उचलून सांगणार काय?

शेवटी गावातल्या शेवंताबाई भर दुपारी गेटवर आल्या. नाल्याकाठच्या विहिरीवर त्यांची सगळी गल्ली पाणी भरायची. हातातल्या बाटलीत सरबतासारखं गुलाबी पाणी होतं.

"पोरी, तूच सांगेल व्हतं ना, काही व्हयनं तं फोन कर? मी करा. तू उचलाच नही. हाई पानी ढोरं बी पेतस नही."

कामिनी वळली आणि सरळ रंगाईच्या शेडमध्ये गेली. तिथे तिचा नवरा भटू पाळीचा मुकादम होता; पाळीतल्या मालाची जबाबदारी त्याची. टाक्यांत सूत उकळत होतं.

"बंद कर सगळं."

"येडी व्हयनी का? लॉट वाया जाई," भटू कळवळून म्हणाला. "मन्हावर ई हाई बठ्ठं, कामिनी. पाया पडस तुन्ह्या."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात पुढे झाला नसता. वाफेचा व्हॉल्व्ह तिने स्वतः फिरवला, पंपांची बटणं दाबली. सगळी शेड एकदम गप्प झाली. सूत अर्धवट रंगलेलं, डागाळलेलं बाहेर आलं.

आता नोकरी गेली, हे ती धरूनच चालली होती. म्हणून ऑडिटच्या दिवशी काहीच लपवलं नाही. रंगाई थांबवण्याआधी किती दिवस लाल पाणी नाल्यात गेलं, तेही सांगितलं. ऑडिटरबाईंनी त्रुटी नोंदवली आणि ब्लोअर बसल्याचा पुरावा, विहीर उपसण्याची हमी मागितली. अर्पितशेठनी दोन्ही तिथल्या तिथे कबूल केलं.

"आमच्या मॅडमनी स्वतः रंगाई थांबवली," ते अभिमानाने म्हणाले. "आमच्याकडे नियम नुसते भिंतीवर नसतात."

प्रमाणपत्र टिकलं. त्याच आठवड्यात लॉट बिघडवल्याचा ठपका ठेवून भटूला काढलं.

"शिक्षा मला द्या," कामिनी अर्पितशेठच्या केबिनमध्ये रडत म्हणाली. "व्हॉल्व्ह मी फिरवला."

"तुम्हाला कशी देणार, मॅडम? रंगाई थांबवली म्हणून ऑडिटच्या रिपोर्टमध्ये तुमचं नाव आहे. वाया गेलेला लॉट कुणाच्या तरी नावावर टाकावाच लागतो."

तिने राजीनामा लिहिला. भटूने तो फाडला. "दोन्ही घरमा बसूत तं पोरीनं काय?" एवढंच बोलला. पुढच्या सोमवारी तो कामाच्या शोधात सुरतच्या गाडीत बसला. ती स्टँडवर सोडायला गेली होती. तो खिडकीतून तिच्याकडे न बघता दुसरीकडेच बघत राहिला. आता फोन येतो तो मुलीसाठी.

कामिनी अजून तिथेच आहे. ब्लोअर चालतो, नाल्याचं पाणी निवळलं. विहीर मात्र निवळत नाही. कारखान्याचा पंप विहीर रोज तळापर्यंत उपसतो, आणि दुसऱ्या दिवशी झऱ्यांतून पुन्हा गुलाबी पाणी भरतं. रंग जमिनीत उतरला आहे. कारखान्याचा टँकर गावात उभा राहतो, बायका भांड्यांवरून भांडतात.

परवा कामिनी पंपाशी उभी असताना शेवंताबाई तिच्याजवळ आल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्तच लागलं.

"कव्हय साफ हुई वं, पोरी?"

तिने विहिरीत वाकून पाहिलं. काहीतरी धीराचं सांगावं असं फार वाटलं.

"मला माहीत नाही, अक्का," ती म्हणाली.

शेवंताबाईंनी रिकामा हंडा उचलला आणि टँकरच्या रांगेकडे चालू लागल्या.